एक प्रवास घरासाठी

‘प्रवास’ हा शब्द आपल्या घरांतून आता केवळ कामाचा शब्द होऊन बसला आहे. औषध कंपनीच्या प्रतिनिधीचा प्रवास असतो, कापसाच्या व्यापाऱ्याचा असतो, बदलीच्या गावी रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाचा असतो. सामाजिक कार्यकर्त्याच्या घरी तर या शब्दाला विशेष मान आहे. महिन्यातील बारा-पंधरा दिवस त्याची पिशवी दाराशी भरलेलीच असते. आज पुसद, उद्या वणी, परवा बैठक नागपूरला. घरची मंडळी हे सारे कौतुकाने सहन करतात. रात्री उशिरा आलेल्या माणसासाठी जेवण झाकून ठेवलेले असते आणि पहाटेच्या गाडीसाठी चहाचे आधण ठेवले जाते. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न मात्र कोणी सहसा विचारीत नाही. घराचा प्रवास कधी होणार?

घराचा प्रवास म्हणजे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी मिळून केलेला, चार दिवसांचा, रस्त्याने केलेला लांबचा प्रवास. लग्नाला जाणे यात येत नाही, कारण तेथे कामे वाटलेली असतात. दुःखाच्या प्रसंगी जाणे तर नाहीच नाही. विमानाने एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी उतरून हॉटेलच्या दोन खोल्यांत विभागून राहणे यालाही मी घराचा प्रवास म्हणणार नाही. या लेखाचे म्हणणे साधे आहे. कामाच्या धकाधकीत बुडालेल्या प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एकदा असा प्रवास केला पाहिजे, तो घाई न करता केला पाहिजे, आणि त्याची सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून केली पाहिजे. कुटुंबव्यवस्थेच्या महतीवर आपण पुष्कळ बोलतो. पण व्यवस्था भाषणाने टिकत नाही, सहवासाने टिकते. आणि सहवासाला वेळ लागतो, हीच आजची खरी अडचण आहे.

रस्त्याचे शिक्षण

घरात असूनही आपण एकत्र नसतो. प्रत्येकाची खोली वेगळी, प्रत्येकाच्या हातातील पडदा वेगळा. जेवणाची वेळही एक राहिलेली नाही. मोटारीत किंवा एसटीच्या बाकावर मात्र सर्वांचे तोंड एकाच दिशेला असते. समोर बसवून मुलाला ‘सांग, तुझे काय चालले आहे?’ असे विचारले तर तो गप्प होतो. तोच मुलगा शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत असताना, कोणी न विचारता, कॉलेजातील अडचण सांगून मोकळा होतो. नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून बोलणे सोपे जाते. वडिलांनाही हे लागू आहे. कर्जाची, नोकरीची, प्रकृतीची जी चिंता घरात सांगता येत नाही, ती रस्त्यात सांगता येते.

दुसरी गोष्ट वृद्धांची. घरात आजी एका कोपऱ्यात असते आणि तिच्या गोष्टी सर्वांच्या पाठ झालेल्या असतात, असा आपला समज असतो. तिला तिच्या माहेरच्या वाटेवर नेऊन पाहावे. एखादा नाला लागला की ती सांगते, येथे पुरात बंडी अडकली होती. एखादी चिंच दिसली की सांगते, येथे आम्ही शिदोरी सोडीत असू. आठवणी या डोक्यात नसतात, जागेवर असतात. ती जागा दिसल्यावाचून त्या उठत नाहीत. ज्या नातवाने आजीला केवळ औषधाच्या वेळापत्रकात पाहिले आहे, त्याला त्या दिवशी कळते की ही बाई एके काळी नऊवारीचा काष्टा मारून नदी ओलांडीत असे.

आपल्या पूर्वजांना हे वेगळे शिकवावे लागले नाही, कारण त्यांच्या प्रवासाची गतीच तशी होती. वणीच्या रंगनाथ स्वामींच्या यात्रेला किंवा माहूरच्या रेणुकामातेच्या दर्शनाला घरेच्या घरे बैलबंडीने निघत. बंडीत गवताची गादी, वर घोंगडी, खाली लोंबकळणारा कंदील आणि सोबत दोन दिवसांची शिदोरी. त्यानंतर मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मार्गाची ‘शकुंतला’ आली. सुमारे एकशे तेरा किलोमीटरचे हे अंतर ती इतक्या सावकाश कापी की तिच्यावर विनोद करणे हा वऱ्हाडातील प्रवाशांचा हक्कच होता. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. गेली काही वर्षे ती थांबलेली आहे. पण जुन्या माणसांना विचारावे, त्यांची किती ओळखीपाळखीची माणसे त्या डब्यात जोडली गेली. मंद गतीचे गोडवे गाऊन विकासाला नाके मुरडण्याचा येथे हेतू नाही. गती वाढली तेव्हा आपण काय मिळवले, याचा हिशेब आपण ठेवतो. काय हातून निसटले, याचाही ठेवावा, एवढेच.

वेगाची किंमत

गेल्या काही वर्षांत यवतमाळ जिल्ह्याचे रस्ते पार पालटले. बुटीबोरीहून वर्धा, कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड करीत नांदेड-लातूरमार्गे तुळजापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला. श्रीनगर ते कन्याकुमारी हा महामार्ग, ज्याच्या येथील भागाला पूर्वी सात क्रमांक होता आणि आता चव्वेचाळीस आहे, पांढरकवडा आणि पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडून तेलंगणात उतरतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जात नसला, तरी धामणगाव किंवा कारंजाच्या बाजूने आपण तो गाठतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. पुण्या-मुंबईला नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या मुलांना यामुळे घर जवळ आले, हे नाकारण्याचे काही कारण नाही.

परंतु रस्ता चांगला झाला तशी एक विचित्र ईर्ष्याही रुजली. घरी पोहोचलेल्या माणसाला आपण विचारतो, ‘किती तासांत आलास?’ तो अभिमानाने आकडा सांगतो. वाटेत काय पाहिले, हे कोणी विचारीत नाही आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसतेही. शुक्रवारी दिवसभर कार्यालयात राबायचे, रात्री नऊला बायको-मुलांना गाडीत बसवायचे आणि सकाळी उजाडता यवतमाळला पोहोचायचे, अशी ही नवी रीत आहे. तिच्यातील धोका आपल्याला दिसत नाही, कारण ती आपल्या प्रेमापोटी निर्माण झाली आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खासगी बसला अपघात झाला, तिने पेट घेतला आणि २५ प्रवासी होरपळून मृत्युमुखी पडले. विदर्भातील कितीतरी घरांनी ती सकाळ कधी विसरता येणार नाही अशी अनुभवली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात अंत झाला, तेव्हा मागच्या आसनावरील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पुढे आले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांनी १,६८,४९१ बळी घेतले. एवढी माणसे एखाद्या युद्धात गेली असती तर देश हादरला असता. रस्त्यावर ती एकेक करून जातात, म्हणून आपण हादरत नाही.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी जो कायदा झाला, त्याने पगारी चालकाच्या कामाला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी असे सांगितले होते. म्हणजे परक्याची मालमोटार हाकणाऱ्या माणसाच्या झोपेची काळजी कायदेमंडळाने सहा दशकांपूर्वी केली. आपल्या सबंध कुटुंबाला घेऊन निघालेल्या गृहस्थाच्या झोपेची काळजी कोण करणार? त्याच्यासाठी कायदा नाही. त्याचे काम त्याच्या घराने केले पाहिजे. आईने, पत्नीने, मोठ्या मुलीने स्वच्छ सांगितले पाहिजे की आज तुम्ही थकला आहात, आपण उद्या सकाळी निघू. हे सांगण्याचे धैर्य आणि ते ऐकण्याचा समजूतदारपणा ज्या घरात आहे, तेच घर प्रवासाला निघण्यास पात्र आहे.

म्हणून घराच्या प्रवासाचे पहिले पथ्य असे की कामाचा पूर्ण दिवस संपवून रात्री निघायचे नाही. दुसरे असे की दर दोन तासांनी थांबायचे, चालणाऱ्याला गरज वाटो अगर न वाटो. तिसरे, मागे बसलेल्यांनीही पट्टा लावायचा, आजीनेही. मृगजळ धरण्याच्या वेगाने धावून चार तास वाचवायचे आणि घरी येऊन ते दूरचित्रवाणीसमोर घालवायचे, याला शहाणपण म्हणता येत नाही.

आपलाच जिल्हा, आपणच अनोळखी

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू. कोठे जायचे? केरळ पाहिलेले, राजस्थान पाहिलेले, आणि आता परदेशही पाहू लागलेले यवतमाळकर पुष्कळ आहेत. त्यांना विचारावे, झरी-जामणी पाहिले आहे काय? बहुतेकांचे उत्तर नकारार्थी येईल. १३,५८२ चौरस किलोमीटरांचा आणि सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार साडेसत्तावीस लाखांहून अधिक लोकसंख्येचा. उमरखेडच्या माणसाला वणी परकी आहे आणि वणीच्या माणसाला उमरखेड. देशाने या जिल्ह्याचे नाव गेली पंचवीस वर्षे बहुतेक वेळा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतून ऐकले. ते दुःख खरे आहे आणि त्याकडे पाठ फिरवता येणार नाही. पण ज्याला आपल्या मातीची एवढीच ओळख आहे, त्या मुलाला पुण्यात किंवा हैदराबादेत ‘तू कुठला?’ या प्रश्नाचे उत्तर देताना संकोच वाटू लागतो. हा संकोच त्याला आपण दिला आहे. कारण दाखवण्यासारखे जे होते, ते आपणच त्याला दाखवले नाही.

चार दिवसांचा एक मार्ग सांगतो. यवतमाळहून पहिल्या दिवशी कळंब. श्रीचिंतामणीचे हे स्थान जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून खाली जावे लागते. ऋषी गृत्समद आणि कापूस यांची सांगड घालणारी आख्यायिका या गावाशी जोडलेली आहे. कापसाच्या जिल्ह्यात मुलांना ती ऐकवावी. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब हा लोहमार्ग सुरू झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाचा तो पहिला टप्पा होय. ज्या जिल्ह्याने अरुंद रुळांवर एक शतक काढले, त्याला या नव्या रुळांचे मोल निराळे सांगावे लागत नाही. तेथून राळेगावमार्गे वणी. या वणीवरूनच एके काळी जिल्ह्याला नाव होते. १९०५ साली ते बदलून यवतमाळ झाले. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी येथलाच. या भागात काळ्या कातळाची सत्ता संपते आणि कोळसा व चुनखडी सुरू होते. कोळशाच्या खाणी, चुनखडीवर उभे राहिलेले सिमेंटचे कारखाने आणि त्यांच्या धुळीत माखलेली शेते हे सारे मुलांना दाखवावे. विकास आणि त्याचे मोल एकाच रस्त्यावर एकमेकांशेजारी उभे आहेत, हे पाठ्यपुस्तकापेक्षा तेथे अधिक नीट कळते.

दुसऱ्या दिवशी झरी-जामणी, पाटणबोरी आणि पांढरकवडा. वाटेत कोलाम बांधवांचे पोड लागतात. येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. पोडावर किंवा तांड्यावर जाणे म्हणजे प्राणिसंग्रहालय पाहणे नव्हे. ओळखीचा शिक्षक, आरोग्यसेवक, कार्यकर्ता सोबत असेल तर जावे, घोंगडीवर बसावे, चहा घ्यावा, विचारपूस करावी. माणसांना न विचारता त्यांची छायाचित्रे काढणे हा असभ्यपणा आहे आणि तो आपल्या मुलांना शिकवायचा नाही. पुढे केळापूरची जगदंबा आणि टिपेश्वरचे अभयारण्य. सुमारे १४८ चौरस किलोमीटरच्या या सागवानी रानातून एक तरुण वाघ २०१९ च्या जून महिन्यात बाहेर पडला. गळ्यात संशोधकांनी बांधलेला पट्टा होता, त्यामुळे त्याची वाट कळत गेली. तेलंगणाची सीमा, मराठवाडा, शेते, गावे, महामार्ग ओलांडीत डिसेंबरमध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा त्याची चाल तेराशे किलोमीटरच्या वर गेली होती. तो हिंडत होता घर मांडण्यासाठी. आपण घर मांडलेले आहे, आणि ते सोबत घेऊन दोन मुक्काम हिंडायला आपल्याला सवड नाही!

तिसऱ्या दिवशी घाटंजी, आर्णी आणि पैनगंगा ओलांडून माहूर. जिल्हा नांदेडचा असला तरी यवतमाळच्या कितीतरी घरांची कुलदेवता तेथे आहे. चौथ्या दिवशी उमरखेडकडे उतरावे. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा पावसाळ्याच्या अखेरीस पाहावा, मात्र काठापासून दूर उभे राहून. नंतर पुसद आणि जवळचे गहुली. तेथील बंजारा कुटुंबात १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र कृषिदिन म्हणून पाळतो. दिग्रस, दारव्हा करीत यवतमाळला परतताना शहराच्या अलीकडे लोहारा लागते. तेथे गाडी थांबवावी.

विदर्भाला समुद्र नाही, मग मिठाचा कायदा मोडायचा कसा? १९३० च्या जुलैत येथल्या लोकांनी त्याचे उत्तर शोधले. ज्या रानातील गवत कापायला सरकारने बंदी केली होती, ते गवत त्यांनी कापले. पुसदला बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला, आणि २१ जुलैला याच लोहाऱ्याच्या रानात डॉ. हेडगेवारांनी गवत कापून स्वतःला अटक करवून घेतली. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि ते अकोल्याच्या तुरुंगात गेले. एका विळ्याने साम्राज्याला आव्हान कसे देता येते, हे ज्या मुलाने त्या जागी उभे राहून ऐकले, त्याला इतिहास वेगळा शिकवावा लागणार नाही.

हा सारा फेरा पाच-सहाशे किलोमीटरांचा आहे. पुण्याला जाताना एका बाजूने आपण साधारण तेवढेच अंतर कापतो. फरक इतकाच की तेथे आपण ते एका रात्रीत कापतो आणि येथे चार दिवसांत.

सबबी आणि त्यांची उत्तरे

पहिली सबब वेळेची. ज्याला वेळ नाही असा माणूस खरोखरच आहे काय? राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. दोन दिवसांची रजा जोडली की चार दिवस होतात. शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत दिली आहे. त्यातील एकीला ‘स्वग्राम’ म्हणतात आणि दुसरीला ‘महाराष्ट्र दर्शन’. शासनाच्या रूक्ष नियमावलीतही ‘स्वग्राम’ हा शब्द सापडावा, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. माणसाने आपल्या मुळाकडे अधूनमधून जावे, हे त्या नियमाच्या कर्त्यालाही पटले असले पाहिजे. डॉक्टरांना, दुकानदारांना, वकिलांना अशी सवलत नाही हे खरे. पण मुलाच्या दहावीच्या वर्षी, मुलीच्या लग्नात, किंवा स्वतःच्या आजारपणात दुकान बंद राहतेच ना? मग आनंदासाठी चार दिवस ते बंद राहिले तर बाजार बुडत नाही. शेतकरी कुटुंबाची अडचण वेगळी आहे. गोठा बंद करता येत नाही आणि कापूस वाट पाहत नाही. तेथे भावकीतल्या दोन घरांनी आळीपाळीने एकमेकांची जनावरे सांभाळावीत. पूर्वी यात्रेला जाणारे हेच करीत.

दुसरी सबब पैशाची आणि गाडीची. घराच्या प्रवासाला स्वतःची मोटार लागते, हा गैरसमज जाहिरातींनी पसरवला आहे. एसटीने २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. म्हणजे आजोबा फुकट, आई आणि ताई अर्ध्यात. चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पासही आहे. मुक्काम नातेवाइकांकडे करावा. त्यांच्याकडे आपण लग्नपत्रिका देण्याखेरीज गेलेलो नसतो. जेवणासाठी एखाद्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी असावी. पाचतारांकित हॉटेलात ही चव विकत मिळत नाही.

तिसरी सबब सहसा बोलली जात नाही, पण ती सर्वांत खरी आहे. घरातील स्त्रीला विचारावे, प्रवासाचे नाव काढले की तिचा चेहरा का उतरतो. चार दिवसांचे दशम्या-चिवडे तिनेच करायचे, सर्वांचे कपडे तिनेच भरायचे, उतरल्यावर तिनेच सोडायचे. हा तिच्यासाठी प्रवास नसून फिरते स्वयंपाकघर आहे. ही कामे सर्वांनी वाटून घ्यावीत, पुरुषांनीही. त्याहून कठीण प्रश्न स्वच्छतागृहांचा. महामार्ग चकचकीत झाले, पण तालुक्यातालुक्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर स्त्रीला निर्धास्तपणे जाता येईल अशी जागा तासन्‌तास सापडत नाही. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. ही गोष्ट घरातल्या पुरुषांना कित्येकदा ठाऊकही नसते. बसस्थानकावर, पेट्रोलपंपावर, देवस्थानाच्या आवारात स्वच्छ आणि पाणी असलेले स्वच्छतागृह असावे, यासाठी आपल्या ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि देवस्थान समित्यांकडे आपण आग्रह धरला पाहिजे. मंदिराच्या शिखराला वर्गणी देणारे हात याही कामाला पुढे आले पाहिजेत. तेही देवाचेच काम आहे.

दैनंदिनीतील चार दिवस

शेवटी पुन्हा कार्यकर्त्याकडे येतो. समाजासाठी घर सोडून हिंडणाऱ्यांनी हा देश उभा ठेवला आहे, त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून एक सांगावेसे वाटते. ज्या घरातील मुलांना वडील केवळ जाताना आणि येताना दिसतात, त्या घरातील मुले मोठी झाल्यावर कामाकडे वळत नाहीत. कामानेच आपला बाप नेला, असा एक अबोल राग त्यांच्या मनात राहतो. मग आपण बैठकांतून ‘नवी पिढी येत नाही’ अशी खंत व्यक्त करतो. नवी पिढी येते. तिला आधी सोबत न्यावे लागते. वडील ज्या गावांची नावे घरात घेतात ती गावे, ज्या माणसांसाठी झिजतात ती माणसे, मुलांनी एकदा पाहिली की वडिलांची अनुपस्थिती त्यांना समजू लागते. जे शिबिराने साधत नाही ते चार दिवसांच्या अशा फेऱ्याने साधते.

आणि वृद्धांसाठी हा प्रश्न वर्षांचा नसून ऋतूंचा आहे. ‘पुढच्या दिवाळीत जाऊ’ हे वाक्य तरुण माणूस सहज बोलतो. पंचाहत्तरीच्या माणसाच्या पायऱ्या उतरण्याच्या शक्तीत एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत मोठे अंतर पडते. कळंबच्या पायऱ्या तेवढ्याच राहतात, गुडघे तेच राहत नाहीत.

तेव्हा संकल्प मोठा करू नये, तारीख ठरवावी. नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागताच तिच्यावर चार दिवसांभोवती रेघ ओढावी आणि शेजारी ‘घर’ असे लिहावे. बैठकीची तारीख आली तर सांगावे, त्या दिवशी माझा प्रवास आहे. हे सांगताना अपराधी वाटण्याचे कारण नाही. कार्यकर्त्याच्या प्रवासाला मान देणारा समाज कुटुंबाच्या प्रवासालाही मान द्यायला शिकेल. त्या चार दिवसांत फोन पिशवीत राहील, गाडी सावकाश चालेल, आजी पुढच्या खिडकीशी बसेल आणि कोठे थांबायचे हे ती सांगेल.